मोरे सरांच्या गाण्यातलं शेवटचं कडवं

आयुष्यात मी चार ओळींचं एक कडवं लिहिलं. ते मी लिहिलं, हे आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मी गणिताचा मास्तर. माझ्यावर कविता केल्याचा आळ कुणी घेणार नाही, आणि घेतला नाही, तिथेच सगळं घडलं. ते कडवं ज्यांच्या नावावर गेलं त्या मोरे सरांबद्दल लिहायला बसलोय. याआधी तीन-चारदा बसलो आणि उठलो. कारण मोरे सर नेमके कोण होते, संगीत शिक्षक होते की आणखी काही, हे मला त्यांच्याबरोबर तीन वर्षं काढूनही कळलेलं नाही. सहामाहीच्या संगीताच्या परीक्षेत त्यांनी शाळेतल्या सगळ्यात गोड गळ्याच्या मुलीला नापास केलं, तेव्हा मी जो गोंधळलो, तो अजून सावरलेलो नाही.

ती मुलगी कल्पना, सातवीतली. तिने भजन म्हटलं. शेजारच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत होतो, तो थांबलो. माझी मुलंही थांबली. भजन संपलं. मोरे सरांनी डोळे मिटले होते, ते उघडले.

"छान," ते म्हणाले. "मग?"

"मग काय, सर?"

"मग पुढे काय झालं? तू गायलीस. काही हललं का?"

"पंखा हलला सर," मागून एक पोरगं म्हणालं. वर्ग खो खो हसला, कारण वर्गात पंखाच नव्हता.

कल्पना नापास. आणि पहिला नंबर कुणाचा, तर राजू नावाच्या मुलाचा, ज्याचा आवाज ऐकून रिक्षावाले मागे वळून बघत. राजूने चार पोरं घेतली होती, रॉकेलच्या दुकानासमोर उभा राहिला होता आणि 'शटर उघडा हो मामा' असं काहीतरी अर्धा तास गात होता. शेवटी दुकानदार आतून ओरडला, "घ्या बाबा रॉकेल, पण तोंड बंद करा!" बायांची रांग सरकली. मोरे सरांनी राजूच्या नावापुढे लिहिलं : सूर नाही, ताल नाही, परिणाम उत्तम.

दुसऱ्या दिवशी कल्पनाचे वडील आले. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तास उभं राहून आलेला माणूस, डोळे लाल. म्हणाले, "सर, पोरगी रडते." मोरे सर अगदी आदराने म्हणाले, "दादा, गळा तिला जन्मतः मिळालाय. तो मी कशाला तपासू? मी जे शिकवलं तेवढंच तपासतो." ते गृहस्थ तिथून निघाले ते माझ्याकडे आले. "पाटील सर, तुम्ही शिकलेले. हे काय शिकवतात, ते तरी सांगा."

मी म्हणालो, "मला माहीत नाही." ते खरं होतं.

आमची शाळा सुरतेतल्या पांडेसरा आणि बमरोलीच्या मधली. मराठी माध्यमाची, एका ट्रस्टची. मुलं सगळी लूमवाल्यांची आणि डाइंग मिलमधल्या कामगारांची. निम्मी खानदेशातून आलेली, घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, सिनेमात हिंदी आणि फक्त माझ्या तासाला मराठी. मोरे सर सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीआधी एक वर्ष आले. सायकलच्या कॅरिअरला लूमच्या जुन्या पट्ट्याने बांधलेली पेटी, अंगात पांढरा शर्ट, आणि वर्गात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न : "तुमच्याकडे काय काय नाही?"

मुलांना असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. ती सुटलीच. पंखा नाही, खडू नाही, मुलींना संडास नाही, मैदान नाही, चौथ्या बाकाला पाय नाही, खिडकीला काच नाही, नळाला नितळ पाणी नाही. मोरे सर फळ्यावर लिहीत गेले. फळा भरला. मग हात झटकून म्हणाले, "हा आपला संगीताचा अभ्यासक्रम."

"सर, आपल्याकडे तबला पण नाही."

"बाक आहे ना? तीन पायांचा असला तर आणखी बरा. आपोआप वाजेल."

पट्टीचंही असंच. त्यांचा सा म्हणजे मिलच्या भोंग्याचा सूर. साडेअकराला समोरच्या डाइंग मिलचा भोंगा वाजे. तो मुलांनी उचलायचा, मोरे सर पेटीवर शोधणार, आणि मग तास सुरू. बॉयलरमध्ये वाफ कमी असली की सा खाली जाई आणि त्या दिवशी सातवीचा वर्ग म्हशीसारखा रेकत असे. आठवड्यात एक दिवस वीज नसे, मिल बंद. त्या दिवशी मोरे सर वर्गात जाऊन शांतपणे सांगत, "आज सा नाही." आणि मुलांना घेऊन गप्प बसत. पस्तीस मिनिटं. मी खिडकीतून बघितलं आहे. पस्तीस मिनिटं सातवीचा वर्ग गप्प बसलेला मी नोकरीत दुसऱ्यांदा कधी पाहिला नाही.

आमचे हेडमास्तर वाणी सर भले गृहस्थ. त्यांनी एकदा मोरेंना बोलावून समजावलं. "मोरे, सारेगमप शिकवा हो. पाठ्यक्रमात आहे."

"शिकवतोय सर. सा झालाय. रेला थोडा वेळ लागेल."

"किती वेळ?"

"सा पक्का झाला की."

वाणी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं. ही माझी सवय तेव्हापासूनची. कुणी माझ्याकडे पाहिलं की मी काहीतरी लिहीत असतो.

आता पाण्याची गोष्ट. आमच्या वस्तीत आणि शाळेत बोअरचं पाणी यायचं, आणि आजूबाजूला डाइंग मिल. साड्या रंगवून उरलेलं पाणी नाल्यात, नाल्यातलं जमिनीत, जमिनीतलं आमच्या नळाला. त्यामुळे पाण्याला रोज रंग असायचा. आज गुलाबी, परवा पोपटी. सकाळी मुलं शाळेत आली की बातमी द्यायची, "सर, आज जांभळं शे!" गंमत म्हणजे यंदा बाजारात साडीचा कोणता रंग चालणार, हे आमच्या पोरांना व्यापाऱ्यांच्या आधी कळायचं. दिवाळीच्या आधी दोन महिने पाणी मोरपंखी आलं की समजावं, आता सगळ्या सुरतेत मोरपंखी दिसणार. मोठी माणसं या पाण्याला इतकी सरावली होती की हंडा गाळून भरायची आणि पुढे चालायची. प्यायला लांबून आणायचं, बाकीला हे. त्वचा खाजायची. ती खाजवायची.

प्लेगनंतर शहर झाडून निघालं. महापालिकेची माणसं गल्लीगल्लीत फिरायला लागली, पांढरी पावडर पडली, आमच्याकडेही पडली. पण पाण्याचा रंग तसाच राहिला. मोरे सरांनी मुलांच्या यादीतला पुढचा धडा उघडला.

गाणं मुलांनीच केलं. मुखडा कल्पनाचा. नापास झाल्यावर ती मोरे सरांची सावली झाली होती, हेही मला न कळलेल्या गोष्टींपैकी एक.

बघ गं बघ हंड्यात वाकून,
आज पाण्याचा रंग कोणता?

एवढं म्हणून मुलं थांबायची आणि त्या दिवशी जो रंग आला असेल तो सगळ्यांनी मिळून ओरडायचा. म्हणजे गाणं रोज निराळं. मध्ये वारांची कडवी : सोमवारी लाल, मंगळवारी निळं, आईचा हात कोणता, हंडा कोणता, तेच कळेना. ऐकताना हसू यायचं. मोरे सर मात्र खूश नव्हते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून टेबलावर बोटं वाजवत राहायचे.

"पाटील सर, पोरांनी विचारलं. पण कुणाला विचारलं, ते गाण्यात नाही. शेवट नाही हो."

"मग करा शेवट."

"चाल सुचते मला. शब्द सुचत नाहीत. कधीच सुचले नाहीत."

त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. मी चाचणीचे पेपर तपासत होतो. एका कोऱ्या पेपरच्या पाठीवर, का कोण जाणे, लाल पेनानेच चार ओळी लिहिल्या आणि त्यांच्याकडे सरकवल्या.

रंग ज्याच्या दारी शिजतो
त्याच्या नळाला पाणी नितळ;
रंग ज्याच्या हंड्यात येतो
त्याच्या आईचं विटकं पातळ.

मोरे सरांनी वाचलं. परत वाचलं. मग कागद कपाळाला लावला. मी घाबरलोच. "मोरे सर, माझं नाव कुठे येता कामा नये. माझी कायमची ऑर्डर यायची आहे."

"नाही येणार."

"नक्की?"

"ओळ तुमची, पण उभे आम्ही राहू," ते म्हणाले. मला वाटलं, ही त्यांची नेहमीची चमत्कारिक बोलण्याची पद्धत.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. प्रमुख पाहुणे म्हणजे समोरच्या डाइंग मिलचे शेठ. शाळेच्या दोन खोल्या त्यांच्या देणगीतून बांधलेल्या. गोरे, बुटके, हसरे गृहस्थ. मला गुजराती बरं येतं म्हणून वाणी सरांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं, काय चाललंय ते सांगायला. नाटुकलं झालं, कोळीनृत्य झालं, मग मोरे सरांची मुलं आली. पेटी एका मुलीकडे. मोरे सर स्वतः मुलांच्या मागे, शेवटच्या रांगेत उभे. ते कधीही पुढे उभे राहत नसत, एकटे गात नसत. मुलांनी ओळ म्हटली की तिचं शेपूट उचलायचे, बस.

गाणं सुरू झालं. शेठ मान डोलवायला लागले. रंग आणि पाणी हे दोन शब्द त्यांना कळत होते. कडवं संपता संपता त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "पाटीलसाहेब, आ छोकरां शुं गाय छे?"

मुलं काय गातायत, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मला खरं सांगता आलं असतं. 'शेठ, पाण्याची तक्रार आहे,' एवढं जरी म्हणालो असतो तरी चाललं असतं. माणूस वाईट नव्हता. पण तेवढ्यात मुलं शेवटच्या कडव्यावर आली, माझ्या कडव्यावर, आणि माझी जीभ आपली आपणच वळली.

"कारखानानां वखाण छे, शेठ."

"अमारा कारखानानां?"

"हा, शेठ. कारखान्याचंच कौतुक आहे. तुमच्या रंगाचं."

शेठ उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून ट्रस्टींनी वाजवल्या. मागे पालक बसले होते, त्यांच्यातले अर्धे तोंडावर रुमाल घेऊन बसले होते. आणि शेठनी माईक मागून घेऊन जाहीर केलं की पुढच्या पंधरवड्यात मिलमध्ये नव्या मशिनचा मुहूर्त आहे, तिथे सगळ्या कामगारांसमोर ही मुलं हेच गीत गाणार.

मी मोरे सरांकडे पाहिलं. ते मुलांच्या मागे उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. "पाटील सर, ऐकलं त्यांनी! सगळं ऐकलं, शेवटचं कडवं ऐकलं, आणि तरी टाळ्या वाजवल्या. वर म्हणतात, माझ्या मिलमध्ये येऊन म्हणा! मी वीस वर्षं पोरांना सांगतोय, माणूस गाणं ऐकतो. माझाच कधी कधी विश्वास बसत नव्हता. आज बसला."

आता सांगा, मी काय करायचं होतं? मी पंधरा दिवस रोज ठरवत होतो की आज सांगू. स्टाफरूममध्ये ते समोर बसायचे, चेहरा लग्न ठरलेल्या मुलासारखा. मी म्हणायचो, "मोरे सर, तिकडे जायलाच हवं का?" ते हसायचे. "छान. मग? बोलावलंय, जायचं नाही?" मी पेपरात तोंड घालायचो. एकदा तर त्यांनी मुलांना सांगितलेलं मी ऐकलं : "शेठ म्हणजे दगड नाही रे. नीट विचारलं की माणूस उत्तर देतो. संगीत म्हणजे नीट विचारणं." त्या वाक्याने मला पहिल्यांदा कळल्यासारखं झालं की ते काय शिकवतात. आणि कळलं त्याच क्षणी हेही कळलं की त्याचा पुरावा म्हणून ते माझं खोटं दाखवतायत.

मुहूर्ताच्या दिवशी मशिनला झेंडूचे हार, नारळ, शेठचं सगळं कुटुंब, आणि समोर दोनशे-अडीचशे कामगार. त्यांत उडिया होते, यूपीचे होते, पण मोठा गट आमचा खानदेशी. म्हणजे गाणाऱ्या मुलांचे बाप, काके, मामे. मुलांनी विचारलं,

बघ गं बघ हंड्यात वाकून,
आज पाण्याचा रंग कोणता?

मुलं ओरडायच्या आत मागून कामगारच ओरडले, "डाळिंबी शे भो!" अर्थात. रंग त्यांनीच सकाळी चढवला होता. हशा पिकला. शेठही हसले. पुढच्या वेळी मुलांनी विचारलं, पुन्हा "डाळिंबी!" तिसऱ्यांदा तर उडिया मंडळीही ओरडली, त्यांना भाषा येत नव्हती, पण उत्तर पाठ झालं होतं. मोरे सर मागे उभे राहून ओळी उचलत होते, आणि मी इतका आनंदी माणूस त्यानंतर पाहिला नाही.

मग शेवटचं कडवं आलं. 'त्याच्या आईचं विटकं पातळ' म्हटल्यावर कुणी ओरडलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. कामगार खाली बघत उभे राहिले. शेठ हात वर करून टाळी वाजवायला गेले, आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबले. त्यांच्या शेजारी मिलचा डाइंग मास्तर उभा होता, नंदुरबारकडचा. शेठनी त्याला काहीतरी विचारलं. त्याने घाबरत घाबरत, शब्दाला शब्द, अर्थ सांगितला.

शेठनी मुलांना पेढे दिले, एकेकाच्या हातावर, स्वतःच्या हाताने. आणि आत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी वाणी सरांच्या खोलीत ट्रस्टची तीन माणसं बसली. शेठ आले नव्हते. त्यांचा निरोप आला होता, आणि तो निरोप ऐकून मला आजही हसू येतं, आणि हसू येतं म्हणून स्वतःची लाज वाटते. "गाळ दीधी होत तो चालत. पण मारी पासे ताळी पडावी?" शिवी दिली असती तर चाललं असतं; पण माझ्याचकडून टाळी वाजवून घेतली?

मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन उभा होतो.

"ते शेवटचं कडवं कुणी लिहिलं?"

"मी," मोरे सर म्हणाले. लगेच. विचार न करता.

ट्रस्टींपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, 'दुसरं कोण असणार' अशा अर्थाने. मग तो तोंडानेही म्हणाला, "यांच्यात हे असंच असतं. जलसे, गाणी, कुणाचा तरी उद्धार." यांच्यात म्हणजे कुणाच्यात, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मोरे सर बौद्ध, मी पाटील. त्या क्षणी मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहितो : मला हायसं वाटलं. माझ्यावर संशय येणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि का येणार नाही, हेही माहीत होतं. माझं सगळं धाडस त्या माहितीवर उभं होतं.

"बरं. आणि स्नेहसंमेलनात शेठना चुकीचा अर्थ कुणी सांगितला?"

मोरे सरांना प्रश्न कळला नाही. "चुकीचा?"

"कारखान्याची स्तुती आहे म्हणून सांगितलं गेलं. नाहीतर ते मिलमध्ये बोलावतील का, मोरे? एवढी साधी गोष्ट."

ते हळूच वळले आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याचं घरचं पत्र हातात यावं आणि ते उघडावं की नाही हे ठरत नसावं, तसं काहीतरी. पंधरा दिवस जो विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर होता तो माझ्यासमोर उतरत गेला. ऐकलं नव्हतं शेठनी. कुणीच ऐकलं नव्हतं.

मी रजिस्टरमध्ये बघत होतो. हजेरीचं पान होतं. कल्पना, हजर.

"मी सांगायला लावलं," मोरे सर म्हणाले. "पाटील सरांना मीच अर्थ सांगितला, तो त्यांनी सांगितला. त्यांना गाण्यातलं काय कळतं?"

मी काही बोललो नाही. माझी ऑर्डर त्याच महिन्यात निघणार होती, मुलगी आठ महिन्यांची होती. ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं दिली. खरं कारण याहून लहान आहे. मला भीती वाटली. मोरे सर कायम नव्हतेच. सोमवारपासून यायचं नाही, एवढं सांगितलं गेलं. ते "छान" म्हणाले. पुढचा शब्द आला नाही.

आणि मग एक घडलं, ज्याचा मला अजून उलगडा होत नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शाळेच्या नळाला स्वच्छ पाणी आलं. वस्तीतही आलं. कुणी म्हणालं, महापालिकेने लाइन टाकली. कुणी म्हणालं, शेठनी वजन वापरलं. डाइंग मास्तर म्हणाला, "सुट्टीभर शेठ रोज मिलमध्ये यायचे ना, तर पोरं गेटपाशी दिसायची त्यांना. एक शब्द म्हणायची नाहीत. नुसती उभी असायची." मुलांना गाणं म्हणायला बंदी होती, ती काही गात नव्हती. ती फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज साडेअकराला, भोंगा वाजला की गेटपाशी उभी राहून तो सा लावायची आणि घरी जायची. मी हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर कल्पना म्हणाली, "सा पक्का करतोय सर."

पाण्याची बातमी मोरे सरांना द्यायची म्हणून एका रविवारी मी सुरतेबाहेरच्या सचिन गावाला गेलो. खरं म्हणजे कबुली द्यायला गेलो होतो. बातमी हे निमित्त. ते सुताच्या एका गोडाऊनवर टाइमकीपर होते. चाळीतली एक खोली. खुंटीवर दोन शर्ट, एक ताट, एक वाटी, एक पेला. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे मला तीन वर्षं एका टेबलावर चहा पिऊन माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी नुसतं ऐकलं. मला वाटलं होतं, उडी मारतील.

मग मी तोंड उघडलं. "मोरे सर, त्या दिवशी मी..."

"चहा घेता ना?" ते उठले आणि स्टो पेटवायला बसले. पाठ माझ्याकडे. स्टोच्या आवाजात बोलू लागले, मुलांशी बोलायचे तसे नाही, घरच्यासारखे.

"आमचा जलसा होता गावाला. दादा लिहायचा, मोठा भाऊ माझा. पुढे उभा राहायचा. मी मागे. झीलकरी. पुढच्यानं ओळ टाकली की मागच्यानं उचलायची, एवढंच काम. चांगली टाको, वाकडी टाको, चुकीची टाको. खाली पडू द्यायची नाही. दादा पंचावन्नाव्या वर्षी गेला. त्याला किती वर्षं झाली... सोळा. तेव्हापासून मी मागेच उभा आहे, पाटीलभाऊ. पुढे कुणी नाही. पोरांच्या मागे उभा राहतो, की कुणीतरी ओळ टाकेल."

स्टो फरफरत होता. मला पाटील सरचं पाटीलभाऊ कधी झालं ते कळलं नव्हतं.

"सोळा वर्षांनी तुम्ही ओळ टाकली. मी कशी पडू देऊ?"

"पण शेठना खोटं सांगितलं मी. तुम्हाला पण."

"ते वाईट झालं," ते म्हणाले. "त्याचा त्रास झाला मला. आठ-दहा दिवस जेवण जात नव्हतं." मग कपात चहा ओतताना, "पण तुमचं नाव आलं असतं तर तुम्ही परत लिहिलं नसतं. तुम्ही घाबरट माणूस. घाबरट माणसाला एकदा पकडलं की तो लिहीत नाही. मला पुढचं कडवं पाहिजे होतं."

त्यांनी उशीखालून एक वही काढली. शाळेतल्या मुलांबरोबर केलेली सगळी गाणी, वीस वर्षांची, आधीच्या गावांतली, आधीच्या शाळांतली. रॉकेलचं, संडासाचं, मजुरीचं, हजेरीचं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी अर्धं पान कोरं ठेवलेलं. फक्त पाण्याच्या गाण्याखाली चार ओळी होत्या, लाल पेनातल्या. माझा चाचणीचा पेपर तसाच कापून चिकटवला होता. त्याखाली नाव लिहायला एक रेघ मारून ठेवली होती, आणि ती रिकामी होती.

"गोडाऊनमधल्या बायका येतात संध्याकाळी शिकायला," ते म्हणाले. "हे गाणं त्यांना आवडतं. पण त्या विचारतात, पुढे काय? पाणी आलं, मग पुढे काय? पाटीलभाऊ, पुढचं लिहिलंय का काही?"

"लिहितोय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप पुढे केला. मी एक ओळही लिहिलेली नव्हती.

त्याला चार वर्षं झाली. ते अजून सचिनला आहेत, त्याच खोलीत. माझ्या शाळेपासून बसने पाऊण तास. मी परत गेलेलो नाही. मी कायम झालो, आता सुपरवायजर आहे, संमेलनात पाहुण्यांच्या शेजारी अजून मलाच बसवतात. लोक मला भिडस्त, भला माणूस म्हणतात. मोरे सरांबद्दल कुणी विचारलं की मी सांगतो, जरा विक्षिप्त होते, पण कलाकार माणूस.

मोरे सरांचं मी दोन गोष्टींचं देणं लागतो. त्या वहीत रेघेवर माझं नाव, आणि त्या गाण्याचं पुढचं कडवं. नाव मी आज इथे लिहून टाकू शकलो असतो. लिहिलेलं नाही, आडनावावरच थांबलो आहे. कडवं अजून सुचलेलं नाही.